टिपेश्वरला वाघीण दिसली, पण सगळे फोटो हलले. यावेळी काय करू?

परभणीचा_फोटोवाला:
नमस्कार मंडळी. अठरा वर्षं झाली, लग्नाचे फोटो काढायलो. हळद, वरात, सप्तपदी डोळे मिटून निघते. म्हणून वाघाचं काय एवढं, असं वाटलं होतं.

मार्चमध्ये चौघं मिळून पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात (यवतमाळ जिल्हा) गेलो, सुन्ना गेटची सकाळची जिप्सी. वाघीण सागातून निघाली, रस्ता ओलांडला, पलीकडं गेली. सगळं मिळून पंधरा सेकंद. 64 फोटो काढले अन् घरी येऊन मोठे करून बघितले तर एकाचेही डोळे धारदार नाहीत. अठरा वर्षांत एवढी लाज कधी वाटली नाही.

कॅमेरा निकॉन डी 7500, लेन्स 70-300, पूर्ण 300 वर. शटर 1/200, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, 400. मंगल कार्यालयात हेच चालतं. मे महिन्याचं बुकिंग पुन्हा एकदा केलंय. 150-600 ची मोठी लेन्स भाड्यानं आणू का? ट्रायपॉड नेऊ का? अन् घरचे म्हणायलेत, इकडं धाराशिवच्या येडशीला वाघ आला होता ना, मग पार पांढरकवड्याला कशाला पैसे घालवता?

किनवटकर:
लेन्सचा दोष नाही दादा, 1/200 चा आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर 300 म्हणजे 450 सारखं दिसतं, तेवढ्याला हातात धरून 1/200 कसं पुरणार? नवरदेव "इकडं बघा" म्हटलं की थांबतो. ही बाई थांबत नाही. चालत्या वाघाला 1/800 तरी ठेवा, उडी मारेल असं वाटलं तर 1/1600. आयएसओ ऑटोवर टाका, वरची मर्यादा 6400. फोटोत दाणे आले तरी नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतात, हललेला डोळा पुसता येत नाही.

दुसरं, जिप्सीचं इंजिन चालू होतं का? बहुतेकांचे फोटो तिथंच जातात. निघायच्या आधीच ड्रायव्हरला सांगा, वाघ दिसला की गाडी बंद. अन् सोबतच्या तिघांनाही सांगा की बूड हलवायचं नाही. एक जण उठला की अख्खी जिप्सी डुलते.

ट्रायपॉड उघडायला जिप्सीत जागाच नसते. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, त्यात दीड-दोन किलो ज्वारी भरा अन् दोन्ही तोंडं शिवून टाका. ती उशी गाडीच्या दांडीवर टाकून लेन्स टेकवायची. तांदूळही चालतो, पण आपल्याकडं घरात ज्वारी असतेच. जंगलात लेन्स बदलू नका, फुफाटा आत जातो. मधल्या वेळात कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा घालून ठेवा.

शेरवानीचा पांढरा फाटू नये, म्हणजे नुसता कोरा डाग होऊ नये, म्हणून तुम्ही उजेड थोडा कमी करता ना? वाघाच्या गालावरचा पांढराही तसाच फाटतो. सावलीत बसलेल्या वाघावर उन्हाचे कवडसे असले की आणखीच. उजेड एक-तृतीयांशाचे दोन-तीन टप्पे खाली ठेवा, म्हणजे -0.7 ते -1.

गौताळ्याच्या_पायथ्याशी:
150-600 बद्दल माझं मत: मेमध्ये नऊ वाजले की जमिनीवरून झळा निघतात. लांबचा वाघ 600 वर पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो, मग भारी लेन्स असो की हलकी. अन् 600 वर असताना वाघानं जवळून रस्ता ओलांडला तर नुसता कान मावतो. तुमची 70-300 बरी. उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास कामाचे.

मेमध्ये पाणवठ्यावर थांबायला मिळालं तर एक ध्यानात ठेवा. वाघ बरेचदा पाण्यात उलटा उतरतो, आधी मागचे पाय. तो पाण्याकडं पाठ करतोय म्हणजे निघाला, असं समजून कॅमेरा खाली ठेवू नका. नेमका चेहरा तेव्हाच समोर येतो. मी एकदा ठेवला होता. अजून सलतंय.

येडशीचं म्हणाल तर घरच्यांना समजावा. डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जो वाघ ट्रॅप कॅमेऱ्यात (जंगलात लावलेला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आला, तो टिपेश्वरकडूनच चालत आलेला. आमच्या गौताळा अभयारण्यातही मार्च 2021 मध्ये असाच दिसला होता. हे वाघ जागा शोधत शेताशिवारातून फिरतात. 2019 ला टिपेश्वरचा टी1सी1 नावाचा वाघ निघाला तो हिंगोलीकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. एवढ्या चालीत एकाच माणसाला इजा झाली, अन् तीही तो विसावलेल्या झुडपात लोक घुसले म्हणून. असा वाघ कुणाला चुकून दिसलाच तर फोटो टाकताना गावाचं नाव टाकू नये. दुसऱ्या दिवशी तिथं दोनशे मोटारसायकली उभ्या राहतात.

किनवटकर:
हे खरंय. अन् जायच्या आधी सराव करा. बसस्टँडवरच्या कुत्र्यांचे फोटो काढा, फुकट आहे.

परभणीचा_फोटोवाला:
केला. आज सकाळी बसस्टँडवर 1/1000 ठेवून 40 काढले, 29 धारदार. एक पोलीसदादा विचारून गेले, कशाचे फोटो काढायलात? वाघाची तयारी म्हटलं तर माझ्याकडं बघतच राहिले.

इंजिन चालूच होतं, किनवटकर. आता आठवलं. फोटो काढताना माझा दातसुद्धा वाजत होता.

ज्वारीची उशी शिवून झाली. फक्त पॅन्ट नवी निघाली, घरात अजून सांगितलं नाही.