पोळ्या विकत आणल्या तर कटाची आमटी कशाची करायची?

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

मंडळी, प्रश्न वर लिहिलाय तोच आहे. हसू नका, दोन दिवस झाले डोक्यातनं जात नाहीये.

मी मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब बघतो, हळदीचा. वय 46. आमची ही मिरजेला दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटी फिरती, त्यामुळं गेली चार वर्षं निम्मा स्वयंपाक माझ्याकडं. रोजचं जमतं. शाळूची भाकरी फुगते, अख्खा मसूर जमतो. वांगं कृष्णाकाठचं असलं की कुणीही करावं, त्यात करणाऱ्याचं कौतुक नसतं. रोजच्याला मी सगळ्या पळवाटा काढतो आणि त्याची लाजही वाटत नाही. आलं-लसूण रविवारी वाटून डब्यात, कणीक रात्रीच मळलेली, इडलीचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानातलं पिशवीतलं. पण सण आला की माझ्या अंगात येतं.

गेल्या बेंदराला असंच आलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, गुळवणी, बटाट्याची भाजी, भजी, कुरडई, सगळं एकट्यानं करणार म्हणून आठवडाभर घरात सांगत फिरलो. पुरण पाट्यावरच वाटायचं हेही ठरलेलं. त्यात हौस कमी, नाइलाज जास्त. आमचं जुनं घर गावभागात. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माळ्यापर्यंत आलं होतं. पुरणयंत्र गंजून गेलं, आईची वर्षाच्या चटणीची बरणी गेली. पाटा-वरवंटा तेवढा गाळातनं धुऊन काढला आणि विश्रामबागेत आणला. तर पाट्यावर वाटायला बसलो, आणि डाळीत कण. वाटावं तितके कणच. पोळी लाटली की कडेनं फाटायची, तव्यावर पुरण सांडून करपायचं, मग तवा घासा, परत लाटा. मातीची बैलजोडी पाटावर सकाळपासून नैवेद्याची वाट बघत बसलेली. आणि आईसुद्धा. आई 78 वर्षांची, शुगर आहे, नैवेद्याआधी तोंडात काही घालत नाही. अडीचला तिला घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. ही ड्यूटीवर. मी हाताला पुरण लागलेलं, तसाच साखरेचा डबा घेऊन धावलो. नैवेद्य पावणेचारला झाला. लेकीनं तोवर दोनदा मॅगी खाल्ली होती.

यंदा घरात 14 माणसं आहेत. इस्लामपूरहून बहिणीचं बिऱ्हाड, साताऱ्याहून मेहुणे. ही म्हणाली, "यंदा पोळ्या सांगूया. बचत गटाच्या बायका करतात, 25 रुपयाला एक. 40 सांगा. आमटी-भात-भाजी तुम्ही करा." मी हिशेब मांडला. पोळ्यांचे 1,000. घरी केल्या तर एक किलो डाळ, एक किलो गूळ, पीठ, तेल, वेलची, तूप सोडून साडेतीनशेच्या आत. म्हणजे 650 रुपये वाचवायला माझे सहा तास. अडतीवरचा हमाल यापेक्षा जास्त मिळवतो. झालं, कबूल झालो.

तेवढ्यात आतल्या खोलीतनं आईचा आवाज आला. "पोळ्या बाहेरनं आल्या तर कट कुठनं येणार?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. डाळ घरात शिजणारच नाही तर तिचं पाणी कुठलं? लेक म्हणाली, "कट? मिसळीचा ना? तो पण विकत मिळतो." तिच्याशी सध्या बोलत नाही.

तर जाणकारांनी सांगावं. पोळ्या विकतच्या आणि कटाची आमटी घरची, हे बसतं का? की परत सगळंच करायला घेऊ? आणि गेल्या वर्षी डाळीत कण कशानं राहिले?

---

मिरजेची_मावशी

दिवाणजी, कण राहिले कारण तुम्ही गूळ लवकर घातला. गूळ पडला की डाळ शिजायची थांबते, मग तुम्ही तासभर आटवा नाहीतर दिवसभर वाटा. डाळ दोन तास भिजवायची, कुकरला नरम होईस्तोवर शिजवायची, आणि चार-पाच डाळी काढून बोटात चिरडून बघायच्या. मधे पांढरा ठिपका दिसला तर कुकर परत चढवायचा. गूळ त्याच्यानंतर.

कटाचं विचाराल तर दोन वाट्या हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवा, पाणी गाळून घ्या, मूठभर डाळ घोटून त्यातच घाला. सुकं खोबरं नि जिरं भाजून वाटायचं, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. पुरणाच्या भांड्याला पाणी फिरवून जी चव येते ती यात येणार नाही, पण 14 माणसांत हे फक्त तुमच्या आईंना कळेल. नैवेद्यापुरती बिनकांद्याची बाजूला काढा, उरलेलीला कांदा-लसूण चटणीची फोडणी द्या. आमटी सकाळी लवकर करून ठेवा. ती जितकी मुरते तितकी बरी, पोळीसारखी ताटकळत ठेवत नाही.

अगदी घरीच करायचं असेल तर पुरण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका, या दमट हवेत सकाळपर्यंत आंबतं. मी रिटायर होईस्तोवर तसंच केलं, आमच्या बैलांनी कधी तक्रार केली नाही.

आणि आईंना सकाळी खायला घाला बरं. देव शुगरच्या गोळीला नाही म्हणत नाही.

---

रोखठोक_कराडकर

वाचून वाईट वाटलं. वर्षातनं चार सण, त्यालाही पोळ्या विकत? आमच्या घरात आजवर बाहेरची पोळी उंबऱ्याच्या आत आलेली नाही. आमची आई 70 पोळ्या एका बैठकीत करायची, चुलीवर. चव असते ती हाताची.

---

वाईची_सून

@रोखठोक_कराडकर काका, तुम्ही स्वतः पुरण शेवटचं कधी वाटलंत?

---

रोखठोक_कराडकर

आमच्याकडं ते सौ. बघतात.

---

वाईची_सून

मग या धाग्यावर त्यांनाच लिहू द्या.

दिवाणजी, आमच्याकडं गौरीला 60 पोळ्या होतात. सासूबाई भरतात, जाऊबाई लाटतात, मी भाजते. दीड तासात उरकतं, गप्पाही होतात. गेल्या वर्षी जाऊबाई बाळंतपणाला माहेरी होत्या आणि सासूबाईंचा गुडघा धरलेला, तेव्हा त्याच 60 पोळ्या मी एकटीनं केल्या. नंतर दोन दिवस खांदा वर होत नव्हता. कृती तीच, तवा तोच. मला पोळ्या करायला आवडतं, एकटीनं करायला अजिबात आवडत नाही. तुमच्याकडं 14 माणसं येणार आहेत ना? त्यातली दोन सकाळी आठला बोलवा. मेहुणे चालतील.

पोळी फाटते त्याचं आणखी एक कारण कणीक घट्ट असणं. पुरण जितकं मऊ तितकीच कणीक मऊ हवी. सैल भिजवा, वरनं तेल घालून तासभर झाकून ठेवा, मग हातानं ओढून ओढून मळा. तार सुटली पाहिजे. गव्हाचं पीठ दोनदा चाळून घ्या, कोंडा राहिला की तिथंच भोक पडतं.

---

पोळीवाली_बुधगाव

दिवाणजी दादा, मी गटात पोळ्या करते म्हणून लिवते. चुकलं तर संभाळून घ्या.

कट पायजे म्हणताय, आवो आमच्याकडं कट मोरीत जातो. बेंदराच्या आदल्या रात्री आमी आठ जणी बसतो. 40 किलो डाळ शिजती. तेवढा कट कोण खानार? थोडा ज्येचा त्येचा घरी, थोडा म्हशीला, ऱ्हायलेला वतून टाकायचा. मागच्या साली एक बाई मिरजंहून आली ती किटली घिऊन आली हुती. आमाला आधी कळंना, हिला च्या पायजे का काय. तर कट न्यायला आलेली. दिला की. पैसं कशाचं घ्यायचं त्येचं?

तुमी बी किटली आना, झाकनाची. पहाटं सहाच्या आत या, नंतर आमी मोकळं न्हाई. आन 40 घिऊ नगासा. 14 मानसात ल्हान पोरं किती? भजी, भात, आमटी असली की मोठं मानूस दोन पोळ्यांच्या वर जात न्हाई. 30 लै झाल्या. मी धंदा करते पर उरलेल्या पोळ्या फ्रीजात वाळलेल्या बगवत न्हाईत.

वरच्या काकास्नी सांगते, हाताची चव आमच्या बी हाताला हाय. बेंदरादिशी माझ्या सोताच्या घरात पोळी नसती. दुपारी दोनला घरी जाते, पाठ टेकते. रात्री पोरं पिठलं-भात खात्यात. दुसऱ्या दिशी करते मग पोरांस्नी.

---

हळदीचा_दिवाणजी

@पोळीवाली_बुधगाव ताई, 30 पोळ्या लिहून ठेवा. किटली शोधतो. बाकी सगळ्यांचे आभार, मेहुण्यांना आठ वाजता बोलावलंय, ते "कशाला?" म्हणतायत.

---

हळदीचा_दिवाणजी

बेंदूर झाला. काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण निम्मं तुमच्यामुळं झालंय.

पहाटे पावणेसहाला बुधगावात पोचलो. ताईंनी 30 पोळ्या केळीच्या पानात बांधून दिल्या, वर किटलीभर कट, गरम, हळदीसारखा पिवळा. वासानंच पोट भरलं. किटली स्कूटरवर पायाशी ठेवली आणि निघालो. माधवनगरच्या अलीकडं एक गतिरोधक आहे. पावसात त्याच्यावरचे पट्टे दिसत नाहीत. झाकण उडालं. माझी पॅन्ट, मोजे, स्कूटर, सगळी कटाची आमटी. किटलीत वाटीभर राहिला असेल.

घरी आलो तर आई ओट्याशी उभीच. पॅन्टकडं बघितलं, किटलीकडं बघितलं. म्हणाली, "घाल डाळ."

मावशींनी दोन वाट्या सांगितल्या होत्या. अडतीवर आयुष्य गेलेल्या माणसाला माप कमी पडायची भीती असते, मी अर्धा किलो घातली. त्याआधी आईला बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणि दूध दिलं. नाही म्हणाली. मी देव आणि शुगरची गोळी हे वाक्य माझंच असल्यासारखं ऐकवलं. खाल्लं तिनं.

डाळ शिजली, कट गाळला, फक्कड निघाला. ताईंच्या वाटीभर कटाबरोबर मिसळला, आमटी उकळायला ठेवली. आणि चाळणीत अर्धा किलो डाळ तशीच. मी म्हटलं, उद्या वाटली डाळ करू. आई म्हणाली, "सणादिवशी हरभऱ्याची डाळ शिजलीय आणि तिचं पुरण करायचं नाही? गूळ काढ." मी पाच डाळी बोटात चिरडल्या. ठिपका नव्हता.

तेवढ्यात मेहुणे आले. त्यांना पाट्यावर बसवलं. माणूस साताऱ्यात सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर आहे, वरवंटा उलटा धरला होता. बहीण आली ती लाटायला बसली, मी तव्यावर, आई स्टुलावर बसून पुरण भरायला. कणीक सैल भिजवली होती. ती खरं तर भज्यांबरोबर चार चपात्या असाव्यात म्हणून भिजवली होती, पण वाईच्या वहिनींचं लक्षात होतं म्हणून वर तेल घातलेलं. पहिल्या दोन फाटल्या. नंतरच्या नाही. 19 झाल्या. वास आला तशी लेक खोलीतनं बाहेर आली, कधी नव्हे ते स्वतःहून, आणि फाटलेल्या दोन्ही तिथंच उभ्या उभ्या तुपाशी संपवल्या.

नैवेद्य बारा वीसला. बैलांच्या पुढ्यात घरच्या पाच.

ही साडेतीनला मिरजेहून आली. तिला वाढलं, आमटी गरम करून. पोळ्यांबद्दल काही बोलली नाही. ओट्यावरचा पाटा, पिठानं भरलेला फरशीचा कोपरा आणि धुवायला टाकलेली पॅन्ट बघून एवढंच म्हणाली, "विकत आणायचं ठरलं होतं ना?" मग आमटीत मीठ कमी आहे म्हणाली. होतं कमी.

हिशेब असा, की 30 अधिक 19 म्हणजे 49. त्यातल्या 38 गेल्या. घरच्या सगळ्या संपल्या, पाटावरच्या पाचसुद्धा. बुधगावच्या 11 उरल्यात. चांगल्या आहेत, आमच्यापेक्षा पातळ आणि गोल, ताईंनी उगाच काळजी केली नव्हती. विश्रामबागेत जवळपास कुणी असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, आणून देतो. डबा तेवढा परत द्या, तो आईचा आहे.