आइस हॉकी: पस्तिशीत सुरुवात, पण थांबणं जमेना

नवा_भिडू: बर्फावर सरळ जाता येतं, वळताही येतं. थांबायला मात्र कडेच्या बोर्डचाच आधार. मोठ्या माणसांच्या नवशिक्या वर्गात नाव घालायचं आहे, त्याआधी तीन शंका. हॉकी स्टॉप (दोन्ही पाय आडवे वळवून थांबणं) कसा बसवायचा? स्केट्स रोजच्या बुटाच्याच मापाचे आहेत, पाऊल आत थोडं हलतं, चालेल का? आणि स्टिकवर ८५ फ्लेक्स (ताठपणाचा आकडा, जास्त तितकी ताठ) लिहिलंय, माझं वजन ६५ किलो. बदलू का?

धारवाला: स्केट्स नाही चालणार. हॉकीचे स्केट्स साधारण एक ते दीड नंबर लहान घेतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की टाच मागे बसून ती सुटली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर पायाचा जोर पात्याच्या कडेपर्यंत पोचतच नाही. मग माणूस लेस करकचून आवळतो आणि तळवे दुखतात. दोन जाड मोजे घालणं हा उपाय नव्हे. एकच पातळ जोडी.

धार शेवटची कधी लावली? पात्याच्या तळाला लांबीभर खाच असते, तिच्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. खाचेची त्रिज्या लहान तितकी खाच खोल आणि पकड जास्त. बऱ्याच ठिकाणी न विचारता १/२ इंच लावून देतात. थांबायला शिकताना ५/८ मागून बघा, पातं बर्फात कमी रुततं आणि सहज घसरतं. दहा-पंधरा तास खेळून झालं की पुन्हा धार. नखाची पाठ कडेवर आडवी ओढल्यावर बारीक कीस निघाला नाही तर कड बोथट झाली समजा. कोरे स्केट्सही धार लावल्याशिवाय घालू नयेत.

बर्फखरवड्या: थेट हॉकी स्टॉपला हात घालू नका. आधी बोर्ड धरून उभं राहा आणि एक पाऊल आडवं ठेवून बाहेर ढकलत बर्फ खरवडा. पांढरा भुगा निघेपर्यंत हेच. पातं जवळजवळ उभं असेल तर खरवडतं, जास्त कललं तर रुततं. सगळी गोम इथेच आहे.

मग सावकाश वेगात स्नोप्लाऊ: टाचा बाहेर, पुढची टोकं आत. तो जमला की एकाच पायाने. त्यानंतर हॉकी स्टॉप. गुडघे वाकवा, क्षणभर अंग वर घेऊन पायांवरचा भार हलका करा, तेवढ्यात कंबरेसकट दोन्ही पाय आडवे वळवा आणि पुन्हा खाली बसा. खांदे मात्र जायच्या दिशेलाच.

गोल फिरून जात असाल तर कंबर न वळवता नुसती पावलं वळताहेत. पाय पुढे निसटून पाठीवर पडत असाल तर भार टाचांवर आहे. एकदम अडकून तोंडावर पडत असाल तर पातं फार लवकर कललंय किंवा वेग फारच कमी आहे. हो, अगदी हळू जाताना हा स्टॉप उलट अवघड पडतो. डावी-उजवी दोन्ही बाजू पहिल्यापासून करा, नाहीतर एकच बाजू कायमची गळ्यात पडते.

स्टिकपंडित: फ्लेक्सचा ढोबळ हिशेब: पौंडातल्या वजनाच्या निम्मा. ६५ किलो म्हणजे १४३ पौंड, तेव्हा ७० ते ७५. लांबी स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. वरून कापली की स्टिक आणखी ताठ होते, म्हणून ८५ची कापून घेणं हा तर दुप्पट घाटा. पण घाई नाही, पहिले काही आठवडे पासिंगला हीच चालेल.

नवा_भिडू: आभारी आहे सगळ्यांचा. गार्ड कोणते आधी घेऊ? हेल्मेट आहे, तोंडासमोरची जाळी नाही.

धारवाला: जाळी हवीच, शिवाय गळ्याचा गार्ड. शिन (नडगी), कोपर, खांदे, ग्लोव्हज, पॅड असलेली पँट आणि जांघेचा गार्ड यांतलं काहीच वगळता येत नाही. चढवताना शिन गार्ड आणि मोजे पँटच्या आधी, हेल्मेट ग्लोव्हजच्या आधी. नाहीतर सगळं परत काढावं लागतं.

बर्फखरवड्या: आणि खेळून झाल्यावर पाती कोरडी पुसा. पात्यांवर चढवायचे प्लास्टिकचे कडक गार्ड फक्त चालण्यापुरते. बॅगेत ते तसेच राहिले तर ओल कोंडून रात्रीत गंज धरतो.