वर्गातील टच पॅनेल महाविद्यालयाच्या वाय-फायला जोडताना येणारी सर्टिफिकेटची अडचण

प्रश्न: प्रयोगशाळा सहायक

नमस्कार. आमच्या वरिष्ठ महाविद्यालयात वर्गांमध्ये भिंतीवर लावलेली मोठी टच पॅनेल असून त्यांत अँड्रॉइड 11 आहे. महाविद्यालयाचे वाय-फाय डब्ल्यूपीए2-एंटरप्राइज प्रकारचे आहे, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत यावे लागते. उन्हाळी सुट्टीनंतर पॅनेल सुरू केली, तर नेटवर्कचे नाव यादीत व्यवस्थित दिसते, ईएपी पद्धतीत (ओळख पटवण्याची पद्धत) पीईएपी आणि दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पासवर्ड तपासण्यासाठी, एमएसचॅप-व्ही2 निवडलेले आहे, पासवर्डही बरोबर आहे. तरीही काही क्षण ‘कनेक्ट करत आहे’ असे दिसून पॅनेल पुन्हा ‘सेव्ह केलेले’ या स्थितीवर येते. त्याच वर्गात, त्याच युजरनेमने माझा फोन मात्र लगेच जोडला जातो. पॅनेल पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने सीए सर्टिफिकेटच्या (ओळख तपासणारा सर्व्हर खरा आहे का, हे पडताळण्याचे मूळ प्रमाणपत्र) जागी ‘पडताळणी करू नका’ हा पर्याय निवडायला सांगितले आहे. तसे करणे मला योग्य वाटत नाही, परंतु तासिका खोळंबल्या आहेत. पडताळणी चालू ठेवून हे कसे जमवावे, याचे मार्गदर्शन मिळावे.

उत्तर 1: नेटवर्क व्यवस्थापक, पुणे

तो पर्याय आपण निवडला नाहीत, हे उत्तम केलेत. पडताळणी बंद असलेले पॅनेल त्याच नावाने उभ्या केलेल्या कोणत्याही ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय पुरवणारे उपकरण) आपली ओळख सांगायला तयार होते, आणि एमएसचॅप-व्ही2 मधील देवाणघेवाण एकदा हाती लागली की तिची ताकद केवळ एका डीईएस (जुनी, तोडता येणारी कूटपद्धत) किल्लीएवढीच उरते, हे 2012 मध्येच जाहीरपणे सिद्ध झालेले आहे. ज्या खात्याने पॅनेल जोडले, ते खाते मग सुरक्षित राहत नाही. याच कारणाने अँड्रॉइड 11 च्या डिसेंबर 2020 मधील अपडेटने हा पर्याय काढून टाकला. काही उत्पादकांच्या पॅनेलवर तो अजून दिसतो, एवढेच.

नाव यादीत दिसते म्हणजे सिग्नल किंवा चॅनेलचा प्रश्न नाही. नावच दिसले नसते, तर मी प्रथम पॅनेलमधील देशाची सेटिंग पाहायला सांगितली असती, कारण ती अमेरिकेवर राहिली असल्यास 2.4 गिगाहर्ट्झमधील 12 आणि 13 क्रमांकाचे चॅनेल पॅनेलला दिसत नाहीत. आपल्याकडे मात्र जोडणी ओळख पटवण्याच्या टप्प्यावर तुटते आहे, म्हणून सर्वांत आधी पॅनेलची तारीख पाहावी. सुट्टीत मुख्य बटणापासून वीज बंद राहिली असेल आणि आतील घड्याळाची बॅटरी उतरली असेल, तर तारीख कित्येक वर्षे मागे जाऊन बसते. सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून वैध’ अशी नोंद असते. पॅनेलच्या दृष्टीने ती तारीख अजून उगवलेलीच नसते आणि ते सर्टिफिकेट नाकारते. फोनला मोबाइल नेटवर्ककडून वेळ मिळते, पॅनेलमध्ये सिम नसते. इंटरनेटवरून वेळ घ्यायची तर आधी वाय-फाय हवे आणि वाय-फायसाठी आधी वेळ हवी, असा हा तिढा आहे. त्यामुळे आपोआप वेळ घेण्याची सेटिंग तात्पुरती बंद करून तारीख आणि वेळ हाताने भरावी, टाइम झोन भारतीय प्रमाणवेळेचा आहे याची खात्री करावी आणि जोडणी झाल्यावर ती सेटिंग पुन्हा चालू करावी.

दुसरी तपासणी सर्टिफिकेटच्या जागेची. महाविद्यालयाने स्वतःचे मूळ सर्टिफिकेट तयार केले असेल, तर ते पेनड्राइव्हवरून पॅनेलमध्ये घालताना अँड्रॉइड 11 तीन प्रकार विचारते. तेथे ‘सीए सर्टिफिकेट’ हे नाव पाहून बहुतेक जण तेच निवडतात. प्रत्यक्षात ‘वाय-फाय सर्टिफिकेट’ निवडावे लागते, नाहीतर वाय-फायच्या पानावरील यादीत ते दिसतच नाही. त्याखालच्या ‘डोमेन’ या रकान्यात सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर असलेले नावच लिहावे. संकेतस्थळाचा पत्ता किंवा ई-मेलचा पत्ता तेथे चालत नाही.

उत्तर 2: शाळा-महाविद्यालयांत पॅनेल बसवणारा तंत्रज्ञ

वरील मार्गदर्शन अचूक आहे. तरीही छोट्या संस्थेत मी एंटरप्राइजच्या वाटेला जात नाही. पॅनेलसाठी वेगळे नेटवर्क काढावे, त्याला डब्ल्यूपीए2 किंवा शक्य असल्यास डब्ल्यूपीए3 चा एकच लांब पासवर्ड ठेवावा आणि ते नेटवर्क कार्यालयाच्या संगणकांपासून व्हीलॅनने, म्हणजे त्याच यंत्रणेवर केलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कने, तोडावे. सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून ऐन परीक्षेच्या काळात सगळे वर्ग एकदम बंद पडण्याचा धोका राहत नाही. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. तो किमान 20 अक्षरांचा असावा, आणि जुन्या उपकरणांसाठी ठेवलेली टीकेआयपी ही जुनी कूटपद्धत बंद करून केवळ एईएस ही नवी ठेवावी. नेटवर्कचे नाव लपवून काहीही साधत नाही, उलट जोडणीत अडथळे वाढतात.

उत्तर 3: संगणकशास्त्राची शिक्षिका, कोल्हापूर

तंत्रज्ञ सरांचा अनुभव मोठा आहे आणि वेगळे व्हीलॅन असावे हे मलाही पूर्ण मान्य आहे. मात्र एका गोष्टीकडे मी आग्रहाने लक्ष वेधते. एकच पासवर्ड असलेल्या नेटवर्कवर अँड्रॉइड 10 पासून ‘शेअर’ असे बटण येते. पॅनेलला स्क्रीन लॉक नसेल, आणि वर्गातील पॅनेलला तो बहुधा नसतोच, तर ते बटण दाबताच क्यूआर कोड आणि त्याखाली साध्या अक्षरांत पासवर्ड दिसतो. मधल्या सुट्टीत फळ्यासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तो आपल्या फोनने टिपायला क्षणभर पुरतो. नंतर तो बदलायचा म्हटले, की प्रत्येक वर्गात जाऊन प्रत्येक पॅनेलवर बदलावा लागतो. एंटरप्राइज जोडणीवर हे शेअर होत नाही, आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र खाते दिले असेल तर एक खाते सर्व्हरवरून बंद करता येते, बाकीचे वर्ग चालू राहतात. म्हणून पॅनेल कोणा प्राध्यापकांच्या वैयक्तिक खात्याने कधीही जोडू नये.

कोणतीही पद्धत निवडली, तरी पॅनेलच्या सेटिंग्जच्या पानाला पिन लावावा, पॅनेलचा स्वतःचा हॉटस्पॉट बंद ठेवावा आणि बसवताना चालू केलेले डेव्हलपर पर्याय, विशेषतः नेटवर्कवरून चालणारे डीबगिंग (दुसऱ्या संगणकावरून पॅनेल हाताळण्याची सोय), बंद आहे का ते पाहावे. ही शेवटची गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते, आणि तीच सर्वांत घातक आहे, कारण तिच्यामुळे पॅनेलला हात न लावता त्यात ॲप घालता येऊ शकते.

प्रश्नकर्ता: प्रयोगशाळा सहायक

सर्वांचे मनापासून आभार. तारीख खरोखरच काही वर्षे मागे होती, आणि आमच्या सर्व्हरचे सर्टिफिकेट याच सुट्टीत नवे झालेले आहे. तारीख हाताने भरून मूळ सर्टिफिकेट ‘वाय-फाय सर्टिफिकेट’ म्हणून घातल्यावर पॅनेल पडताळणीसह जोडली गेली. प्रत्येक पॅनेलसाठी स्वतंत्र खाते मागणारा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. आता एकच अडचण उरली आहे: पॅनेल वेगळ्या व्हीलॅनमध्ये नेल्यास प्राध्यापकांच्या लॅपटॉपची स्क्रीन पॅनेलवर दाखवता येत नाही, पॅनेलचे नावच यादीत येत नाही.

उत्तर 1: नेटवर्क व्यवस्थापक, पुणे

तसे होणे स्वाभाविक आहे. क्रोमकास्ट आणि एअरप्ले यांसारख्या पद्धती एमडीएनएसच्या (जवळची उपकरणे नावाने शोधण्याची पद्धत) संदेशांनी, यूडीपी पोर्ट 5353 वर, पॅनेल शोधतात आणि ते संदेश एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाहीत. वायरलेस कंट्रोलरमध्ये (सर्व ॲक्सेस पॉइंट सांभाळणारे उपकरण) एमडीएनएस गेटवेची, म्हणजे हे संदेश दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पोहोचवण्याची, सोय असल्यास ती फक्त प्राध्यापकांच्या आणि पॅनेलच्या व्हीलॅनमध्ये चालू करावी, विद्यार्थ्यांचे व्हीलॅन त्यातून वगळावे. केवळ नाव दिसून भागणार नाही. स्क्रीन पाठवण्यासाठी लागणारे पोर्ट फायरवॉलमध्ये प्राध्यापकांकडून पॅनेलच्या दिशेने उघडावे लागतील, आणि ते कोणते, हे पॅनेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. हे जमल्यावर त्याच पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सर्व्हर सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ती तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढचे नूतनीकरण परीक्षेच्या वेळापत्रकाच्या आधी उरकता येईल.