मदत हवी आहे: १८३७ च्या आधीचे दोन सारखे बाप्तिस्मे, खरा कोणता?

बीबीसीवरच्या 'हू डू यू थिंक यू आर?' या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कार्यक्रमात जनगणनेच्या कागदावरून पुढच्या दृश्यात थेट चर्चची नोंदवही उघडते. मधली खटपट कापलेली असते आणि गाडी अडते नेमकी तिथेच.

इंग्लंडमधल्या एका शेतमजुराचा माग १८५१ च्या जनगणनेपर्यंत पक्का आहे. तिथे जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) मिळतो. १८४१ ची नोंद फारशी कामाची नाही: १५ वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेलं, म्हणजे '२५' लिहिलेला माणूस २९ चाही असू शकतो. शिवाय नातं लिहिलेलं नाही. सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासूनची, त्यामुळे दाखल्याचा प्रश्नच नाही. लग्नही त्याआधीचं, म्हणून वडिलांचं नाव नाही.

त्या पॅरिशमध्ये एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे आहेत, १८१४ आणि १८१५ चे. दोन्ही बाप मजूर. दफननोंदी पाहिल्या, लहानपणी कोणीच गेलेलं नाही.

आता वेगळं कसं करायचं? लग्नाच्या साक्षीदारांवरून की मुलांच्या नावांवरून? (नावांचा पुरावा तसा कच्चाच.) गरिबांच्या मदतीसाठी घेतलेल्या पॅरिशच्या जबान्या कोणी वाचल्या आहेत का? त्यात बापाचं नाव सापडतं का? आणि डीएनए जुळणी इतक्या मागच्या पिढीला कितपत भरवशाची?