ब्राउन ट्राउट: वेण्णेत का तगणार नाही?

गिरिजा_प
हिमाचलच्या तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट मासा चांगला रुजलाय. मूळचा हिमालयातलाच का? महाबळेश्वरलाही गारवा असतो, मग तिथल्या वेण्णा नदीच्या उगमाकडे तो जगेल का? पाणी कसं लागतं ते आकड्यांत सांगा.

डोहकाठ
मूळचा नाही. त्याचं घर युरोपात, आइसलँड-स्कॉटलंडपासून पूर्वेला उरल पर्वतापर्यंत. काश्मिरात स्कॉटलंडची अंडी १९०० मध्ये पोचली, कुलूत १९०९ च्या सुमारास.
पाणी साधारण १२ ते १६ अंश सेल्सियस असलं की तो नीट खातो. १९-२० च्या पुढे खाणं सोडतो, २५ अंश सलग राहिले तर मरतो. शिवाय समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांत जेमतेम ८. म्हणजे पाणी तापून माशाला जास्त प्राणवायू लागतो तेव्हाच तो कमी मिळतो.

खळाळ
मोठ्या माशाचं बरोबर, पण खरी अडचण अंड्यांची आहे. मादी थंडीच्या तोंडावर शेपटीने गोट्यांत खळगा करते, अंडी घालते आणि वर गोटे लोटते. गोटे सुपारी ते लिंबाएवढे हवेत, फटींतून पाणी खेळतं हवं. ५ अंशांत पिल्लं निघायला तीनेक महिने लागतात, १० अंशांत सहा आठवडे. १२-१३ च्या वर अंडी झपाट्याने मरतात. आणि बारीक गाळ फटींत बसला तर पाणी कितीही गार असो, अंडी गुदमरतात. रस्त्याचा राडारोडा नदीत लोटला की हिमालयातही हेच होतं.
महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास, आपलं कळसूबाईसुद्धा १६४६. निलगिरीत ट्राउट टिकला तो २००० मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, आणि तोही रेनबो ट्राउट, म्हणजे वेगळी जात. आपल्याकडे तेवढी उंचीच नाही, म्हणून पाणी तेवढं गार राहणं अवघड.

गिरिजा_प
मग एखादा ओढा तपासायचा कसा?

खळाळ
मे महिन्यात दुपारी ३ ते ५ मध्ये मोजा. थर्मामीटर वाहत्या पाण्यात, तळाजवळ, सावलीत, तीन मिनिटं धरा. डोहाच्या वरच्या थरात मोजलंत तर आकडा फसवा येतो. सह्याद्रीत मुळात मे महिन्यात ओढा वाहतोय का, तेच आधी पाहावं लागतं.

डोहकाठ
आणि तगला असता तरी सोडू नये. मोठा ब्राउन ट्राउट इतर मासे खातो. हिमालयातल्या ज्या ओढ्यांत तो पसरला, तिथे मूळच्या ‘असला’ नावाच्या माशाला अन्न आणि जागा दोन्हींसाठी झगडावं लागतं. या माशाला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो कार्पच्या कुळातला. ओळखायला सोपं: ट्राउटच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, ‘असला’ माशाला नसतो.