प्रतिसाद: व्हीजीमध्ये 40 जीबी मोकळे, तरी डिस्क भरलेली कशी?

दादा, खानापूरच्या वाचनालयाच्या उबुंटू सर्व्हरवर व्हीजीएस ही कमांड व्हीजीमध्ये (व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे डिस्कची एकत्र केलेली जागा) 40 जीबी मोकळे दाखवतं आणि डीएफ ही कमांड 96 टक्के भरलं म्हणतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही आकडे खरे आहेत. डीएफ फक्त फाइलसिस्टीमच्या, म्हणजे फायली ठेवायच्या रचनेच्या, आतलं बघतं. व्हीजीएसमधली व्हीफ्री म्हणजे कुठल्याच लॉजिकल व्हॉल्यूमला (व्हीजीतून कापून दिलेला भाग, ज्यावर फाइलसिस्टीम बसते) न दिलेले एक्सटेंट, म्हणजे जागेचे ठरावीक तुकडे. एक एक्सटेंट मुळात 4 एमबीचा, म्हणजे तुमच्याकडे 10,240 शिल्लक आहेत. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर बऱ्याचदा अशी जागा स्वतःहूनच राखून ठेवतो.

व्हॉल्यूम वाढवणाऱ्या एलव्हीएक्स्टेंड कमांडला ‘वजा आर’ (-r) जोडा, फाइलसिस्टीमही सोबतच वाढते. तो विसरला की व्हॉल्यूम मोठा होतो, पण डीएफ हलत नाही. बेळगावकडची बरीच मंडळी इथंच अडकलेली बघितलीत.

पण सगळे 40 एकदम देऊ नका, ही कळकळीची विनंती. आता 15 पुरे. स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणं, याच मोकळ्या जागेतून निघतो, आणि त्याची जागा भरली तर तो बाद होतो. शिवाय तुमची फाइलसिस्टीम एक्सएफएस प्रकारची असेल तर ती वाढवता येते, लहान करणं जवळपास अशक्यच. एक्सटी4 प्रकारची लहान होते, पण अनमाउंट करूनच, म्हणजे वापरातून काढून. जुनी मराठी दैनिकं स्कॅन करून ठेवलीत म्हणता, तर आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे.