बनावट गिऱ्हाईक पाठवून पकडलं, शिक्षा झाली. अपिलात 'तांत्रिक' मुद्दे काढावेत का?

अनघा:
अमली पदार्थाच्या खटल्यातला आरोपी हायकोर्टात सुटला की 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' म्हणून लोक हळहळतात. मला ते पटत नाही. सापळ्यात खबर पोलिसांची, गिऱ्हाईक पोलिसांनी पाठवलेलं, नोटांचे नंबर त्यांनी टिपलेले, पंच त्यांनी बोलावलेले, सीलही त्यांचंच. एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यावसायिक प्रमाण, म्हणजे किमान १० वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट वजन धरलं जातं. मग पोलिसांच्या कामावर नजर कोणाची? अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे' असं आरोपीला सांगायचं (अमली पदार्थांच्या म्हणजे एनडीपीएस कायद्याचं कलम ५०), नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे (कलम ५२अ), एवढीच काय ती नजर. ते पाळलं नसेल तर अपील केलंच पाहिजे.

विलास:
ताई, आमच्या मागच्या गल्लीत अंधार पडला की बाईक येते. पोरगा हेल्मेटसुद्धा काढत नाही, पुडी देतो आणि निघतो. घेणारी पोरं कॉलेजची, काही तर त्याहून लहान. चोरीत तक्रार करायला घरमालक येतो. इथे विकणारा गप्प आणि घेणाराही गप्प. गिऱ्हाईक बनून गेल्याशिवाय पोलिसांनी त्याला पकडायचं कसं? आणि एवढं करून पकडलेला माणूस नोटिशीत एक ओळ राहिली म्हणून परत त्याच गल्लीत आला, तर पुढच्या वेळी खबर द्यायला कोण धजावेल?

संज्योत (फौजदारी वकिली करते):
दोघांनाही सांगते, एवढ्या सहज कोणी सुटत नाही. कलम ५० फक्त अंगझडतीला लागतं, हातातल्या पिशवीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आरोपीने आपणहून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलेली पुडी तर झडतीत सापडलेलीच नसते. रस्त्यावरच्या सापळ्याला कलम ४२ (घर, इमारत अशा बंद जागेची झडती) ऐवजी ४३ (सार्वजनिक जागेतली जप्ती) लागतं, त्यामुळे 'खबर लिहून घेतली नाही' हा मुद्दा तिथे चालत नाही. ५२अ पाळलं नाही एवढ्यावरच खटला कोसळत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय.

अपील खरं लढलं जातं ते मुद्देमालावर. पंचनाम्यात पुडीचं वजन एक आणि प्रयोगशाळेच्या अहवालात दुसरं. सीलचा ठसा पंचनाम्यावर आहे, पण पाकिटावरच्या ठशाशी तो जुळतो असं सांगणारा साक्षीदार नाही. मुद्देमाल कक्षातून पाकीट कधी बाहेर गेलं याची रजिस्टरला नोंद नाही. मग प्रयोगशाळेत पोहोचलं ते आरोपीकडचंच पाकीट होतं, हे कशावरून?

विलास:
हे वजनाचं पटलं. पण ही चूक पोलिसांची, मग त्याचा फायदा विकणाऱ्याला का? अधिकाऱ्यावर कारवाई करा ना.

अनघा:
विलासदादा, कारवाई व्हायलाच हवी. पण पाकीट बदललं असेल, तर आत बसलेला माणूस विकणाराच होता हे ठरवणार कशावरून? या कायद्यात माल ताब्यात होता हे एकदा सिद्ध झालं की कलम ३५ आणि ५४ खाली आरोपीने गुन्हा जाणूनबुजून केला असंच गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करणं त्याच्यावर येतं. म्हणून त्याआधीचा पाया सरकारने पक्का सिद्ध करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयात नूर आगा खटल्यात २००८ मध्येच ठरलंय. तुमच्या गल्लीतल्या पोराऐवजी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कोणाला आत टाकलं, तर बाईक दुसऱ्या दिवशीही येईलच.

विलास:
ती तर येतेच आहे. म्हणूनच म्हणतो, सापळ्याचं चित्रीकरण सक्तीचं करा, वजनकाटा कॅमेऱ्यासमोर ठेवा. मग सुटायला जागा राहणार नाही आणि तुमची शंकाही राहणार नाही.

संज्योत:
झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १०५ मध्ये आलंय. ज्यांच्या घरातलं कोणी जुन्या खटल्यात आत आहे, त्यांनी मात्र निकालाची प्रत आधी हातात घ्या. हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.